दुसरीतल्या मुलीचा घरचा वाचन-लेखन सराव : सत्तरी तालुक्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका गावातले आहे. मुलगी सात वर्षांची असून सरकारी मराठी प्राथमिक शाळेत दुसरीत शिकत होती. ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा आणि घरातील काही तपशील बदलले आहेत. मुलीला घरी 'बाय' म्हणतात. गोव्यात कितीतरी घरांत मुलींना हीच हाक असल्यामुळे येथेही तिचा उल्लेख तसाच केला आहे. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. मुलीच्या आईशी माझी जुनी ओळख, एवढ्यावरच मी या प्रकरणात आले. मी मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

घरात पाच माणसे. वडील जवळच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात, आई घर आणि बचत गट सांभाळते, आजोबा गावच्या भजनी मंडळातले जुने टाळकरी आणि आजी निरक्षर. बोलणे सगळे कोंकणीत, लिहिणे-वाचणे मराठीत. गोव्यातील अनेक हिंदू घरांचे हे जुनेच वळण आहे. देवळातील भजन, दशावतार, जत्रेतील नाटक, लग्नपत्रिका आणि सकाळचे वर्तमानपत्र मराठीत. स्वयंपाकघर, अंगण, भांडण आणि लाड कोंकणीत. मोठ्या माणसांना या दोन्ही भाषांमधली ये-जा इतकी सवयीची झालेली असते की, सहा-सात वर्षांच्या मुलाला ती पहिल्यांदाच आणि तीही लेखी करावी लागते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

शाळेत पहिली आणि दुसरीचे वर्ग एकाच खोलीत बसत आणि एकच शिक्षिका दोन्ही वर्ग सांभाळत असे. वह्या नियमित तपासल्या जात. एकेका मुलाच्या चुका वेगवेगळ्या बसून पाहायला मात्र तिच्याकडे वेळ नव्हता, आणि असा वेळ असणारी शाळा मी माझ्या नोकरीतही क्वचितच पाहिली.

अडचण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, आई वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आली. श्रुतलेखनात वीसपैकी चार गुण, पानभर लाल खुणा. "टीचर, रोज चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घेते, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही मुद्दाम करते का?" तिचा आवाज रडवेला झाला होता. घरी तासभर अभ्यास होत असे आणि बहुतेक संध्याकाळी त्याचा शेवट रडण्यात होई. वाचायला बसवले की बाय पहिल्या अक्षरावरून शब्दाचा अंदाज बांधून काहीतरी बोलून टाकत असे आणि लगेच आईच्या चेहऱ्याकडे पाहत असे.

मी दहा वेळा लिहिलेली पाने निरखून पाहिली. 'चिमणी' हा शब्द दहा ओळींत होता, पण बायने तो दहा वेळा लिहिलेलाच नव्हता. तिने आधी वरून खालपर्यंत दहा 'चि' लिहिले होते, मग त्यांच्या शेजारी दहा 'म', मग दहा 'णी'. अक्षरांच्या झुकावावरून आणि पेन्सिलच्या टोकाच्या जाडीवरून हे स्पष्ट दिसत होते. कंटाळलेले मूल कामाची अशीच वाटणी करते आणि त्यात हुशारीही आहे. मात्र या पद्धतीत शब्द एकदाही डोळ्यांसमोर अखंड येत नाही. आईने रोज अर्धा तास घालवून जे करून घेतले होते, त्यात वाचनाचा किंवा लेखनाचा सराव जवळपास नव्हताच.

पहिली पडताळणी

काही ठरवण्याआधी मी दोन दुपारी बायबरोबर बसले. तिला सुटी अक्षरे उलटसुलट क्रमाने दाखवली, पहिलीच्या पुस्तकातील एक उतारा मिनिटभर वाचायला दिला आणि चोवीस साध्या शब्दांचे श्रुतलेखन घेतले. शिवाय काही तोंडी खेळ घेतले. शब्दातील अक्षरे टाळ्या वाजवून मोजायची. 'कपाट' मधला 'क' काढला तर काय उरते ते सांगायचे. आजीने सांगितलेली एखादी गोष्ट कोंकणीत मला सांगायची. तोंडी खेळांत ती चटपटीत होती. 'पाट' हे उत्तर तिने विचार न करता दिले, आणि गोष्ट सांगताना तर मलाच मध्येमध्ये थांबवून प्रश्न विचारले. वाचनाचा वेग मात्र मिनिटाला अठरा शब्द भरला. 'निपुण भारत' या केंद्रीय अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत, अशी अपेक्षा धरली आहे. वर्ष नुकतेच सुरू झाले होते, तरी अंतर बरेच होते.

चोवीस शब्दांपैकी पंधरा चुकले. वहीत या पंधरा चुका सारख्याच लाल दिसल्या असत्या. मी त्या वेगळ्या कागदावर उतरवून त्यांची प्रतवारी केली, आणि पुढचे सगळे काम या अर्ध्या तासाच्या प्रतवारीवर उभे राहिले.

चार शब्द घरच्या भाषेतून आले होते. आंबा हा 'आंबो', घोडा हा 'घोडो', डोळे हे 'दोळे' आणि मांजर हे 'माजर'. यांना चुका म्हणणेच अवघड आहे. कोंकणीत हे शब्द असेच आहेत आणि तिने ते बिनचूक लिहिले होते. आणखी चार शब्द कानाने लिहिलेले होते. चिम्णी, आम्टी, खिड्की, कर्वत. मराठीत 'चिमणी' लिहिताना 'म' पूर्ण लिहायचा असतो, बोलताना मात्र त्यातला 'अ' गळून जातो. बायचा कान तीक्ष्ण होता, तिने ऐकले तसे लिहिले. आणि दुसरीतल्या मुलीला न शिकवलेले जोडाक्षर जमते, ही खरे तर कौतुकाची गोष्ट होती. तीन शब्द डोळ्यांचे होते. घर ऐवजी 'धर', भाकर ऐवजी 'माकर' आणि कविता ऐवजी 'किवता'. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, या देवनागरीच्या रीतीमुळे ती चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते, हे पहिली-दुसरीत नेहमी दिसते. तीन शब्दांत ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. फुल, खिर, विट. उरलेला एक शब्द 'नांव' असा, अनुस्वार देऊन लिहिलेला होता, आणि तो कोठून आला हे मला त्या दिवशी कळले नाही.

बरोबर आलेल्या नऊ शब्दांत 'काजू' होता. 'काजू' कसा आला, असे विचारल्यावर ती म्हणाली की तो पाकिटावर असतो. ही नोंद मी कागदाच्या कडेला करून ठेवली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय खासगी शिकवणीचा होता. गावातच एक मुलगी संध्याकाळी दहा-बारा मुलांची शिकवणी घेत असे. परंतु तेथेही शाळेचाच गृहपाठ पूर्ण करून घेतला जाई. बायला गृहपाठ संपवणारा नको होता, तिच्या चुका पाहणारा हवा होता.

दुसरा पर्याय वडिलांचा होता आणि तो गोव्यात प्रत्येक मराठी शाळेच्या दारात उभा असतो. "पाचवीपासून सगळे इंग्रजीतच आहे, मग आताच इंग्रजी शाळेत का नको?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. चौथीपर्यंत मराठी आणि पुढे इंग्रजी ही उडी मुलांना जड जाते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तरीही मी विरोधात बोलले. घरात इंग्रजी कोणी बोलत नव्हते, म्हणजे तिला एकाच वेळी नवी भाषा आणि नवी लिपी शिकावी लागली असती. आणि अक्षरांवरून शब्द उलगडण्याची जी क्रिया तिला मराठीत अडत होती, ती इंग्रजीतही अडलीच असती, कारण तेथे तर एकेका अक्षराचे उच्चार अनेक आहेत. वाचनाचे कसब एका भाषेत पक्के झाले की दुसऱ्या भाषेत ते पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही. माध्यम बदलायचेच असेल तर वाचन सुटल्यावर बदला, असे मी म्हटले. वडिलांना ते पूर्ण पटले नाही, पण वर्षअखेरपर्यंत थांबायला ते तयार झाले.

तिसरा पर्याय तज्ज्ञांकडून तपासणीचा होता. नात्यातल्या कोणीतरी फोनवर 'डिस्लेक्सिया' हा शब्द उच्चारला होता आणि आई त्यामुळे झोपली नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि शाळेत त्यासाठीची चाळणी साधारण तिसरीत किंवा आठव्या वर्षी करतात, कारण त्याआधी शिकण्यातला उशीर आणि अक्षमता यांतला फरक सांगणे कठीण असते. बायला शब्दांतील अक्षरे सुटी करता येत होती, गोष्ट क्रमाने सांगता येत होती आणि तिच्या बऱ्याचशा चुकांना सरळ कारण सापडत होते. म्हणून तूर्त थांबावे, असे मी सुचवले, परंतु थांबण्याला तारीख लावली. तीन महिने नीट सराव करूनही वाचन जागचे हलले नाही, तर डिसेंबरची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात जायचे. मुदत न घालता 'होईल हळूहळू' म्हणणे आणि मुदत घालून थांबणे यांत मी फार फरक मानते. माझ्या हातून शिकून गेलेल्या दोन मुलांच्या बाबतीत मी पहिले केले होते आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

डोळे तपासून घ्या, असेही मी बोलता बोलता म्हटले. फक्त म्हटले, त्यासाठी दिवस ठरवला नाही. त्याविषयी पुढे येईलच.

उरला चौथा पर्याय, म्हणजे घरीच, पण वेगळ्या रीतीने सराव करण्याचा. तोच ठरला.

केलेली कार्यवाही

सर्वांत आधी दहा वेळा लिहिणे बंद केले. ही शाळेची अट नव्हती, आईनेच घातलेली होती, त्यामुळे कोणाची परवानगी लागली नाही. पण आईला मात्र ते जड गेले. पानभर लिहिलेले दिसले की अभ्यास झाल्याचे समाधान मिळते, आणि चार शब्द लिहून वही मिटली की काहीतरी चुकवल्यासारखे वाटते. तासाऐवजी पंधरा-वीस मिनिटे, संध्याकाळी देवाकडे दिवा लावल्यानंतर आणि जेवणाआधी, एवढेच ठरवले.

पहिली काही मिनिटे आईने वाचायचे आणि बायने तिच्या बोटाबरोबर डोळे फिरवायचे. मग दोघींनी मिळून एका सुरात. मग बायने एकटीने तोच परिच्छेद. अडली तर पाच मोजेपर्यंत थांबायचे आणि मग शब्द सांगून पुढे जायचे, तेथेच फोडून शिकवत बसायचे नाही. एकच परिच्छेद तीन-चार दिवस. आईची तक्रार होती की तिला तो पाठ होतो. झाला तर होऊ दे, असे मी सांगितले. पाठ झालेल्या ओळीवर बोट फिरवताना डोळ्याला शब्दाचे रूप ओळखीचे होते, आणि 'काजू' ती तसाच शिकली होती.

लिहिण्यासाठी रोज चारच शब्द. शब्द पाहायचा, मोठ्याने म्हणायचा, झाकायचा, मनाने लिहायचा आणि उघडून स्वतः ताडून पाहायचा. चूक शोधण्याचे काम आईचे नाही, बायचे. शब्द चुकला तर तो पुसून पुन्हा एकदा, बस. त्याच शब्दाची गाठ दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. रविवारच्या वर्तमानपत्राच्या जुन्या पुरवण्या कापून त्यांच्या शब्दपट्ट्या केल्या आणि त्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या.

चुकांच्या प्रत्येक गटाला मात्र वेगळी वाट हवी होती. घरच्या भाषेच्या शब्दांसाठी एका वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला 'घरचे', दुसऱ्या बाजूला 'पुस्तकातले'. आंबो आणि आंबा, सुणो आणि कुत्रा, उदक आणि पाणी, शीत आणि भात. डावीकडचे शब्द सांगण्याचे काम आजीला दिले. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून ती नातीच्या अभ्यासापासून दूर बसत असे. आता तिच्याशिवाय वही पुढे सरकेना. "इतलेंच? हें तर हांव जाणां," असे म्हणून तिने पहिल्याच संध्याकाळी तीसएक शब्द सांगितले, त्यातले काही मलाही ठाऊक नव्हते. डावा रकाना कधीही चूक म्हणून खोडायचा नाही, अशी अट मी घातली होती. आठवड्याभरात बसमधून येताना बायने विचारले की रस्त्याच्या पाटीवर 'वाळपय' आणि दुकानावर 'वाळपई' असे का लिहिले आहे, कोणाचे चुकले? कोणाचेच नाही, एक कोंकणी आणि दुसरे मराठी, हे उत्तर तिला वहीमुळे लगेच समजले. 'दिवचल' आणि 'डिचोली' ही जोडी तिने स्वतः शोधून आणली.

कानाने लिहिलेल्या शब्दांचा उपाय आजोबांकडे सापडला. बोलताना गळणारा 'अ' गाताना परत येतो. अभंग म्हणताना प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारले जाते, नाहीतर ते चालीत बसत नाही. म्हणून बायने शब्द आधी टाळाच्या ठेक्यावर म्हणायचा, 'चि-म-णी', एका अक्षराला एक टाळ, आणि मग लिहायचा, असा खेळ ठरला. तीन टाळ पडले तर तीन घरे. 'खिडकी'ला दोन की तीन, यावर आजोबा-नातीचा वादही झाला. हा गट सगळ्यांत लवकर, सुमारे तीन आठवड्यांत सुटला.

पहिला निर्णायक प्रसंग : आजोबांचे शुद्धलेखन

ऑगस्टच्या सुरुवातीला 'नांव' या शब्दाचा उलगडा झाला. आजोबा तिला पाटीवर शब्द घालून देत आणि ते कांही, पांच, नांव असेच लिहीत. गोवा मुक्त झाला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते आणि घरातील जुन्या पोथ्यांवर त्यांचे वाचन घडले होते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि त्यांनी उच्चारात न उरलेले असे अनुस्वार काढून टाकले. आजोबांचा हात त्याआधीच वळणावर पडला होता. भर म्हणजे कोंकणीत 'नांव', 'पांच' हे अनुस्वारासहितच लिहितात.

आईचे म्हणणे होते की आजोबांनी शिकवणे थांबवावे, कारण त्यांच्यामुळे गुण जातात. हे ऐकायला व्यवहारी वाटते, पण तसे केले असते तर टाळाचा खेळ गेला असता आणि घरातील सर्वांत जास्त वेळ असलेला, सर्वांत शांत वाचक माणूस अपमानित होऊन बाजूला झाला असता. मी त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलले. तुमचे चूक आहे असे न म्हणता, नियम कधी आणि कसा बदलला ते सांगितले. ते थोडे गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे आम्ही आमच्या वेळचे बरोबर." दोन रकान्यांच्या वहीला त्यांनी स्वतःच तिसरा रकाना आखला, 'आजोबांचे'. त्यात ते शब्द घालत आणि बाय त्यातील जास्तीचा अनुस्वार शोधून काढत असे. आजोबांची चूक काढायला मिळते, याचा आनंद तिला किती झाला असेल, हे सांगायला नको.

दुसरा निर्णायक प्रसंग : चवथ आणि माझी घाई

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीत नेहमीचा सराव अर्थातच बसला नाही. घर पाहुण्यांनी भरले होते. त्याऐवजी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, बांधायच्या जिनसांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम बायला दिले. नारळ, सुपारी, कवंडळ, तोरिंग, चिबूड. प्रत्येक चिठ्ठी जिनसेला दोऱ्याने बांधली आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिने त्या वाचून दाखवल्या. एका दिवसात तिने तीसेक वेळा वाचले असेल, आणि त्याला कोणीही अभ्यास म्हटले नाही.

हे यश पाहून मी घाई केली. चिबूड या एकाच शब्दात पहिली वेलांटी आणि दुसरा उकार दोन्ही येतात, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचा नियम सांगायला याहून चांगली संधी नाही, असे मला वाटले. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, म्हणून फूल, खीर, चिबूड. आणि शब्दाचे रूप बदलले की तो ऱ्हस्व, म्हणून फुलाला, खिरीत, चिबुडाचे. नियम खरा आहे आणि मला तो आवडतो. पण सात वर्षांच्या मुलीला त्यातून एवढेच समजले की दीर्घ लिहिले की टीचर खूश होतात. पुढच्या आठवड्यात 'चीमणी', 'कवीता', 'दीवस' अशी रांग लागली. जे शब्द आधी बरोबर येत होते तेही बिघडले. दोन आठवड्यांनी मी नियम मागे घेतला. त्याऐवजी फक्त जोड्या ठेवल्या, फूल-फुले, वीट-विटा, मूल-मुले, आणि त्याही रोज एकच, पाहून लिहायच्या. कारण विचारले तरच सांगायचे. तिने विचारले नाही.

त्याच सुमारास दुसरा अडथळा आला. कामावरून आलेल्या वडिलांनी एका संध्याकाळी वाचन घेतले आणि तिसऱ्यांदा अडल्यावर ओरडले. पुढचे चार दिवस पुस्तक सापडेना. शेवटी ते तांदळाच्या डब्यामागे निघाले. वडिलांना मी बोलावून काही सांगितले नाही. आईनेच तोडगा काढला. वडिलांनी वाचून घ्यायचे नाही, तर बाजाराची यादी बायकडून लिहून न्यायची आणि जे लिहिले असेल तेच आणायचे. एकदा 'कांदे'ऐवजी 'कादे' लिहिले होते, तेव्हा त्यांनी दुकानदाराला कादे मागितल्याची गोष्ट घरी येऊन रंगवून सांगितली. चूक हसण्यावारी नेता येते, हे त्या घरात बहुधा पहिल्यांदाच घडले.

डोळ्यांची तपासणी

घ आणि ध, भ आणि म यांचा गोंधळ मात्र ऑक्टोबर आला तरी कमी होत नव्हता. तांदूळ पसरलेल्या ताटात बोटाने अक्षरे गिरवणे, 'घ'ची आणि 'ध'ची सुरुवात कोठे वेगळी होते ते दाखवणे, सगळे करून झाले होते. एके दिवशी ती माटोळीची उरलेली चिठ्ठी नाकाशी धरून वाचताना दिसली, तेव्हा मला माझे जुलैतले वाक्य आठवले. आरोग्य केंद्रातून पुढे पाठवल्यावर तपासणी झाली आणि लहान नंबरचा चष्मा लागला. फळ्यावरून उतरवण्यातील चुका दोन आठवड्यांत स्पष्टपणे घटल्या. श्रुतलेखनातील इतर चुकांचा डोळ्यांशी संबंध नव्हता. परंतु तीन महिने जे मूल ताटात अक्षरे गिरवत होते, त्याला ती फळ्यावर नीट दिसतच नव्हती. कान तपासण्याचे कामही त्याच फेरीत उरकले. त्यांत काही दोष निघाला नाही.

निष्पत्ती

डिसेंबरच्या मध्यावर मी पुन्हा तीच पडताळणी घेतली. पहिलीच्या पुस्तकातील, पण तिने न वाचलेला उतारा तिने मिनिटाला एक्केचाळीस शब्द या वेगाने वाचला आणि त्यावरील प्रश्नांची उत्तरे दिली. जुन्या चोवीस शब्दांपैकी चार चुकले. त्याच धर्तीच्या नव्या चोवीस शब्दांत मात्र नऊ चुकले, आणि मला हा दुसरा आकडा अधिक प्रामाणिक वाटतो. त्या नऊपैकी सहा ऱ्हस्व-दीर्घाचे होते. घरच्या भाषेतून आलेला एकही नव्हता.

प्रगतीचे श्रेय कशाला किती, हे मला सांगता येणार नाही. चष्मा, वर्गातले शिकवणे, पाच महिन्यांनी वाढलेले वय आणि घरचा सराव हे सारे एकाच वेळी घडत होते. तज्ज्ञांकडे जाण्याचा विषय ठरलेल्या मुदतीत मिटला, पण तिसरीच्या मध्यावर पुन्हा एकदा पाहायचे, असे ठेवले आहे. माध्यमाचा निर्णय वडिलांनी चौथीपर्यंत पुढे ढकलला. वेग वाढला तसे तिचे आईच्या चेहऱ्याकडे पाहणे कमी झाले. ते मोजण्याचे साधन माझ्याकडे नव्हते, पण आईने ते माझ्याआधी टिपले.

काय वेगळे करता आले असते

डोळ्यांची तपासणी पहिल्याच आठवड्यात, इतर काहीही करण्याआधी व्हायला हवी होती. ते एका फेरीचे काम होते आणि मी ते बोलण्यावर सोडले.

ऱ्हस्व-दीर्घाचा नियम निदान तिसरीपर्यंत बाजूला ठेवायला हवा होता. शिक्षकाला जे शिकवायला आवडते ते मुलाला आत्ता हवे असतेच असे नाही, हे मला चाळीस वर्षांत कळले नाही असे नाही. तरी त्या चिबुडापुढे माझा धीर सुटला.

तिसरी गोष्ट शाळेची. आई वर्गशिक्षिकेकडे जायला कचरत होती. 'तक्रार केली असे वाटेल' ही तिची भीती मी ऐकून घेतली आणि तो विषय सोडून दिला. नोव्हेंबरमध्ये ती तीन रकान्यांची वही घेऊन शेवटी गेली, तेव्हा शिक्षिकेने वही ठेवून घेतली, दोन दिवसांनी परत दिली आणि तेव्हापासून बायच्या वहीत एका पानावर तीनच चुकांखाली रेघ मारू लागली. पुढे दोन रकाने तिने फळ्यावर आखून सगळ्या वर्गाकडून भरून घेतले. हे ऑगस्टमध्ये घडू शकले असते. त्या वर्गात 'आंबो' लिहिणारी बाय एकटी नव्हती.

र चे प्रकार अजून कच्चे आहेत. रफार तिला जमतो, ट्रकमधला र जमतो, पण 'ऱ्या' दिसला की ती थांबते. गेल्या महिन्यात बाजाराच्या यादीत आईने मुद्दाम 'तिसऱ्या', म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, सांगितल्या. बायने 'तिसर्या' असे लिहून पाहिले, पुसले, शब्दपट्ट्यांच्या डब्यात शोधून पाहिले, आणि शेवटी पुस्तकातील 'तिसऱ्या दिवशी' हे शब्द काढून त्यावरून उतरवून घेतले. मग आजीला विचारले की कालवणातल्या तिसऱ्या आणि दिवसातला तिसऱ्या एकच कसे. आजीला यादी वाचता येत नव्हती, पण तिसऱ्या कोणत्या ते तिने बरोबर सांगितले.